काळ्या रेघांसाठी दुर्बीण हवी

दरवर्षी बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात मी वर्णपटमापी खिडकीतल्या उजेडाकडे वळवतो. सप्तरंगी पट्ट्यावर बारीक काळ्या रेघा दिसतात आणि कुणीतरी विचारतंच, “सर, भिंगावर चरे पडलेत का?” सूर्याच्या वातावरणातल्या सोडियमनं, लोहानं गिळलेला तो उजेड असतो. सूर्य कशाचा बनलाय, हे त्या रेघांमुळेच कळलं.

कृष्णविवरांची गोष्टही अशीच आहे. गरुड तारकासमूहातलं जीआरएस १९१५+१०५ घ्या. शेजारच्या ताऱ्याचा वायू त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरतो, तापतो आणि क्ष-किरण फेकतो. पण सगळाच वायू आत पडत नाही. बराचसा वाऱ्यासारखा बाहेर उधळतो. त्यातले एकदोनच इलेक्ट्रॉन उरलेले लोहाचे अणू ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण गिळतात. वायू आपल्या दिशेनं येत असल्यानं काळी रेघ जास्त ऊर्जेकडे सरकते आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. २००९ मध्ये जोसेफ नीलसन आणि ज्युलिया ली यांनी चंद्रा दुर्बिणीच्या नोंदींवरून दाखवलं, की इथे वारा जोरात असताना कृष्णविवराजवळून सुटणारा पदार्थाचा झोत मंदावतो. पुढे २०१८-१९ मध्ये हा स्रोत अंधुक झाला, तेव्हा तो विझला नव्हता. दाट वायूआड गेला होता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली उपकरणं घेऊन अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारतीय उपग्रह २०१५ मध्ये झेपावला. या स्रोताची क्षणाक्षणाची लुकलुक त्यानं सुरेख टिपली. बारीक रेघा सुट्या करणं मात्र त्याच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवलेला संवेदक लागतो. जपाननं त्याचा ध्यास घेतला. २००० मध्ये प्रक्षेपण फसलं, २००५ मध्ये पुढच्या उपग्रहातला संवेदक थंड ठेवणारा हेलियम उडून गेला, २०१६ मध्ये हितोमी हा उपग्रह पाच-सहा आठवड्यांतच निकामी झाला. २०२३ मध्ये एक्सरिझम हा उपग्रह अवकाशात गेला आणि आज तो या रेघा वाचतो आहे.

असा संवेदक भारतानंही बनवावा आणि त्याची सुरुवात आत्ताच करावी, असं माझं ठाम मत आहे. जपानला पहिल्या उड्डाणापासून यशापर्यंत तेवीस वर्षं लागली. आपलं एखादं उड्डाण फसलं, तरी पुढच्यासाठीचा निधी थांबता कामा नये. आपल्यालाही तेवढीच वर्षं लागली, तर माझ्या वर्गात आज काळ्या रेघांना चरे समजणारी मुलं तोवर चाळिशीत असतील. ते उपकरण त्यांच्याच हातून घडायला हवं.