भीतीच्या साथीची तयारी कुठे आहे?

कोरोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, मुंबईहून चाकरमानी रत्नागिरी जिल्ह्यात परतू लागले, तेव्हा कित्येक गावांच्या वाटा झाडं आडवी टाकून, दगड रचून बंद केलेल्या होत्या. ज्यांच्या मनीऑर्डरींवर घरं उभी राहिली, जे गणपतीला आले नाहीत तर घराला घरपण वाटत नाही, त्यांनाच शाळेच्या खोलीत नाहीतर मांगरात राहावं लागलं. विलगीकरण गरजेचंच होतं. गावात म्हातारीकोतारी माणसं, आणि गंभीर रुग्णाला हलवायचं तर तालुक्याचं रुग्णालयही लांब. गावकऱ्यांची धास्ती खोटी नव्हती. परंतु चौदा दिवस संपल्यावरही ज्याच्या अंगणातून कुणी जाईना, ज्याला विहिरीवर पाणी भरू देईनात, त्याच्या मनाचं काय झालं याची नोंद कुठल्याही सरकारी तक्त्यात नाही.

संसर्गाची भीती माणसाला आतून पोखरते. साधा खोकला आला तरी छातीत धस्स होतं, झोप उडते, हात धुऊन धुऊन सालटी निघतात तरी समाधान होत नाही. त्यात आपल्यामुळे घरातलं माणूस गेलं, ही टोचणी लागली की ती साथ ओसरल्यावरही सुटत नाही. दहाव्या-बाराव्याला भावकी जमत नव्हती, मृताचं तोंडही अनेकांना पाहता आलं नाही. रडायला खांदा मिळाला नाही. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. कोकण त्याला अपवाद असेल, असं मानायला काहीही आधार नाही.

ही भीती मनापुरती राहत नाही, ती रोगाला हात देते. जून २०२१ मध्ये राज्यात कोरोनाच्या ‘डेल्टा प्लस’ या उपप्रकाराचे २१ रुग्ण जाहीर झाले, त्यातले ९ रत्नागिरी जिल्ह्यातले होते. अशा वेळी तर प्रत्येक तापकऱ्याने पुढे येऊन तपासणी करून घ्यायला हवी. पण नाव फुटेल, वाडी वाळीत टाकेल, या धाकाने माणूस ताप अंगावर काढतो आणि अखेर श्वास लागल्यावर दवाखाना गाठतो. तोवर घरातले सगळे बाधित झालेले असतात. तपासणीला गेलेल्या आशा सेविकेच्या तोंडावर दार लागतं, तेही याच भीतीपोटी.

राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक एकोणिसाव्या शतकापासून रत्नागिरी शहरात आहे. तरीही मंडणगडच्या किंवा राजापूरच्या माणसाला झोप येत नाही म्हणून तिथे जाणं जमत नाही. भाडं, दिवसाची मजुरी, आणि गावभर होणारा बभ्रा! नैराश्याच्या दर शंभर रुग्णांतल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असं २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. तो हक्क वाडीपर्यंत अजून चालत आलेला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू आहे. तो किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लिहिलाय?

पुढची साथ कधी येईल, कोणती असेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गाने माकडतापाची दहशत भोगलेली आहे. तरी आपत्ती म्हटलं की खाटा, प्राणवायू आणि औषधं यांचाच हिशेब मांडला जातो. जिल्हा प्रशासनाने आताच ठरवावं: बाधिताचं नाव गावच्या व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यावर कारवाई होईल; विलगीकरणातल्या माणसाशी रोज कुणीतरी फोनवर बोलेल; कामथे, कळंबणीसारख्या उपजिल्हा रुग्णालयांत समुपदेशक कायम बसेल, साथीपुरता नव्हे; आशा सेविकांना मनाचं दुखणं ओळखण्याचं प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला मिळेल. यासाठी जिल्हा नियोजन समितीने स्वतंत्र तरतूद करावी. पुढच्या बैठकीतच हा विषय पटलावर यायला हवा, कारण गावच्या वेशीवर पुन्हा झाडं आडवी पडल्यावर समुपदेशकाच्या पदाची जाहिरात काढून काहीही साधणार नाही.