आधी चालू, मग पळू, पण सगळे मिळून

गेल्या वर्षी पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बसलो होतो. हार घातलेल्या फोटोतला माणूस 44 वर्षांचा. रिक्षा चालवायचा. आजारी म्हणून कोणाला माहीत नव्हता. त्याचे ब्लड प्रेशर आयुष्यात एकदाही मोजले नव्हते, हे घरच्यांनी नंतर सांगितले. वंदना झाली, जेवणे झाली. परतताना आमच्यातल्या एका मावशींनी विचारले, "दोन वर्षांत हा कितवा गं?" कोणी मोजले नाही. मोजायची भीती वाटली.

त्याच हिवाळ्यात शहरातल्या एका दौडीत आम्ही वस्तीतले 11 जण उतरलो. अंतर 5 किलोमीटर. नाव देताना उत्साह होता, सराव कोणालाच नव्हता. या अनुभवातून आम्हाला जे वाटते ते इथे मांडत आहोत. ही दौड आपल्यासाठी नाही, असे म्हणणे आपण सोडले पाहिजे. आणि एका सकाळची हौस म्हणून तिच्यात उतरणेही सोडले पाहिजे.

आमचे काय झाले ते आधी सांगतो. शिट्टी वाजली, गाणी सुरू झाली आणि आम्ही सुटलो ते थेट जोरात. कोल्हापुरात पळणे नवे नाही. शिवजयंतीला पन्हाळ्यावरून ज्योत घेऊन पोरे पळत येतात, ते आपण लहानपणापासून बघतो. पण ती पोरे आळीपाळीने पळतात, मागे टेम्पो असतो. आम्हाला वाटले तसेच जमेल. पहिल्या चौकापर्यंतच निम्म्यांना धाप लागली. एका वहिनींच्या बरगडीखाली कळ आली. एक भाऊ नवे कोरे बूट घालून आले होते, त्यांच्या टाचेला फोड आले.

खरी भीती वाटली ती काकांमुळे. त्यांना मधुमेह. "पळायचे आहे, पोट हलके बरे" म्हणून सकाळची साखरेची गोळी घेतली आणि काही न खाताच आले. तिसऱ्या किलोमीटरला हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, बोलणे अडखळले. त्यांची साखर खाली गेली होती. जवळच्या टपरीवरून साखर घेऊन पाण्यात कालवून पाजली, बसवले. थोड्या वेळाने ते सावरले. चूक कोणाची होती? आमचीच. टी-शर्ट कोणत्या मापाचा पाहिजे हे आम्ही सगळ्यांना विचारले होते, कोण कोणते औषध घेतो हे विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी विहारात हा विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी विनयपिटकातल्या सोण भिक्खूची गोष्ट सांगितली. सोण हा चंपा नगरीतल्या मोठ्या धनिकाचा मुलगा, पायाचे तळवे मऊ. संघात आल्यावर त्याने चंक्रमण इतक्या जिद्दीने केले, की तळवे फाटून वाट रक्ताने भरली. तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला तो पूर्वी वाजवत असलेल्या वीणेबद्दल विचारले. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. मग प्रयत्नाचेही तसेच नाही का?

गोष्ट इथेच संपत नाही. सोणचे पाय पाहून तथागतांनी त्याला साधी, एकपदरी वहाण वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, संघाला मिळणार असेल तर मीही वापरीन. मग ती परवानगी सगळ्या संघाला मिळाली. नवशिक्याने दौडीबद्दल शिकायचे ते सगळे या गोष्टीत आहे. ताणू नका, सैल सोडू नका, पाय सांभाळा. आणि जे एकाला मिळते ते सगळ्यांना मिळाले पाहिजे. अंगुत्तर निकायातही चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते. पाय हलवणे ही श्रीमंतांची फॅशन आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वस्तीत एक सवाल नेहमी येतो. "दिवसभर आम्ही पळतोयच की! धुणीभांडी, हमाली, फौंड्रीची पाळी. आणि आता सकाळी उठून हौसेनं पळायचं व्हय?" हा सवाल खोटा नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत आठ तास उभे राहून आलेल्या माणसाला व्यायामाचा उपदेश करणे सोपे असते. पण उभे राहून, वाकून, ओझे उचलून शरीर झिजते, दमते. हृदयाला आणि फुप्फुसाला रोज थोडी वाढती सवय लागते, ती वेगळी. शिवाय आता आपल्यातले कितीतरी जण रिक्षात, शिलाई मशीनवर, काउंटरवर आणि मोबाइलपुढे बसून असतात. श्रम गेले, पण श्रमाच्या काळातले जेवण आणि त्यावरची तंबाखू, मिश्री, दारू राहिली. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. ज्ञानासाठी त्यांनी शरीर झिजवले. आपण कशासाठी झिजवतो आहोत?

दुसरे एक उदाहरण आपल्याला व्हॉट्सॲपवर नेहमी येते: बारामतीच्या लता भगवान करे यांचे. साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या तपासणीचा खर्च भागवायला नऊवारीत, अनवाणी 3 किलोमीटरची शर्यत पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर 2020 मध्ये सिनेमाही आला. त्यांना आमचा मानाचा जय भीम. पण तो व्हिडिओ पाहून दोन चुकीचे अर्थ काढू नयेत. एक, सराव लागत नाही. त्यांचे शरीर जन्मभर मजुरीने कसलेले होते. दोन, यात फक्त टाळ्या वाजवण्यासारखे आहे. नवऱ्याच्या उपचारासाठी म्हातारपणी बाईला अनवाणी पळावे लागते, ही त्या बाईची शान असेल, व्यवस्थेची मात्र लाज आहे. आपल्याला बक्षिसासाठी पळायचे नाही. औषधाची वेळ लवकर येऊ नये म्हणून पळायचे आहे.

मग सुरुवात कशी करावी? आमच्या फजितीनंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, ते असे. आठवड्यातून तीन सकाळी, एक दिवस आड. पहिले दोन आठवडे अर्धा तास नुसते झपझप चालणे. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट हळू पळणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. पाचव्या आठवड्यापासून दोन मिनिटे पळणे, एक मिनिट चालणे. सातव्या-आठव्या आठवड्यात जमेल त्याने पाच मिनिटे पळून एक मिनिट चालावे. न जमणाऱ्याने मागचाच आठवडा पुन्हा करावा, त्यात कमीपणा नाही. वेग किती असावा? शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. 5 किलोमीटर नुसते झपझप चालले तरी साधारण तासाभरात पूर्ण होते. कोणी हसले तर हसू द्यावे.

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजचे झपझप चालणेही त्यात मोजले जाते. म्हणजे दौड हे निमित्त, ही मिनिटे ही खरी कमाई.

बुटांसाठी कर्ज काढू नका. टाच न घसरणारे, तळाला थोडी गादी असलेले साधे बूट आणि सुती मोजे पुरतात. मात्र दौडीच्या दिवशी नवे बूट नकोत, निदान दोन आठवडे वापरलेले असावेत. कोल्हापुरी चप्पल आपल्या गावाची शान आहे, पण ती घालून पळू नका. आदल्या रात्री तांबडा-पांढरा वाटीवर वाटी नको, दारू तर नकोच. सकाळी निघण्याआधी तासभर एखादे केळे किंवा अर्धी भाकरी खावी, पाणी प्यावे.

काहींनी आधी तपासणी करूनच उतरावे. 30 वर्षांवरील सगळ्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. हृदयाचा त्रास, वाढलेला रक्तदाब, दमा, गरोदरपण किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पळायच्या दिवशी औषध आणि खाणे कधी घ्यायचे ते आधी विचारून घ्यावे. मनाने गोळी बंद करू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. पळताना छातीत दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, अंधारी आली, थंड घाम फुटला, तर तिथेच थांबायचे. सोबत्यांनी 108 ला फोन लावायचा. "थोडेच राहिले आहे" म्हणून पुढे जायचे नाही.

आया-बहिणींसाठी वेगळे सांगावे लागते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. लवकर धाप लागते ती बऱ्याचदा आळशीपणाने नव्हे, रक्त कमी असल्याने. आधी हिमोग्लोबिन तपासा. पण त्याहून मोठी अडचण घरातली असते. सकाळी साडेपाचला पाणी येते, डबे करायचे असतात. आमच्याकडे सुनांना वेळ मिळाला तो सासऱ्यांनी पाणी भरायला घेतले तेव्हाच. पुरुष मंडळींनी आठवड्यातून तीन सकाळी एवढे केले तर तो समतेचा खरा सराव ठरेल. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आत नीट बसणारे कपडे. एवढ्यावर काम भागते. चार जणी सोबत असल्या की लाज पहिल्या आठवड्यातच जाते.

कोल्हापुरात मोठ्या दौडी होतात. लोकमतच्या महामॅरेथॉनमध्ये 21 आणि 10 किलोमीटरबरोबर 5 आणि 3 किलोमीटरचे गटही असतात. अशा रस्त्यांवर आपली माणसे आधीही असत, पण पहाटे चारला, झाडू घेऊन. आणि दौड संपल्यावर बाटल्या गोळा करायला. आता त्याच रस्त्यावर छातीवर नंबर लावून जायचे आहे. सगळ्याच आयोजकांकडे वस्त्यांसाठी आणि सफाई कामगारांसाठी शुल्कात सवलत मागू. महापालिकेकडे वस्तीजवळचे मैदान, दिवे आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह मागू. हा आपला हक्क आहे. पण मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही.

म्हणून आमची सूचना अशी. सिद्धार्थनगर असो, राजेंद्रनगर असो की विचारे माळ, विहारातल्या फळ्यावर एक वही टांगा. नाव, वय, आजार, औषध एवढेच लिहा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर 3 जानेवारीपर्यंत, सावित्रीमाईंच्या जयंतीपर्यंत, आठ आठवडे होतात. थंडीचे दिवस सरावाला बरे. त्या सकाळी आपापल्या विहारातून निघून बिंदू चौकात जमू. महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे तिथे 1950 पासून, बाबासाहेबांच्या हयातीतच उभे आहेत. अभिवादन करू आणि चालत परत येऊ. शुल्क नाही, घड्याळ नाही, पहिला नंबर नाही. एकच नियम: सगळ्यात शेवटच्या माणसासोबत दोघांनी चालायचे.

आमचे काका आता आठवड्यातून तीन दिवस चालतात. पळत नाहीत. निघण्याआधी अर्धी भाकरी खातात, खिशात साखरेची पुडी असते. वहीत त्यांचे नाव पहिले आहे. त्या रिक्षावाल्या भावाचे नाव लिहायचे राहून गेले. आता दुसरे कोणाचे राहू नये.

जय भीम.