ट्रॅक्टरची मते सहा महिन्यांत कुठे गेली?

२३ मे २०१९. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी संपली, तेव्हा एमआयएमचे इम्तियाज जलील यांच्या पारड्यात ३,८९,०४२ मते होती आणि शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांच्या पारड्यात ३,८४,५५०. अंतर अवघे ४,४९२. सलग चार वेळा खासदार झालेले खैरे पडले आणि सेनेचा बालेकिल्ला ढासळल्याचे मानले गेले.

२४ ऑक्टोबर २०१९. याच मतदारसंघातील कन्नड, वैजापूर, गंगापूर, मध्य, पश्चिम आणि पूर्व या सहाही विधानसभा जागा शिवसेना-भाजप युतीने जिंकल्या. एमआयएमच्या हाती एकही लागली नाही.

मग सहा महिन्यांत मतदार फिरला काय?

उत्तर तिसऱ्या उमेदवाराकडे आहे. कन्नडचे हर्षवर्धन जाधव २०१४ मध्ये सेनेच्याच तिकिटावर आमदार झाले होते. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेला ट्रॅक्टर हे चिन्ह घेऊन ते अपक्ष उभे राहिले. त्यांना २,८३,७९८ मते मिळाली. एका अपक्षासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

अमेरिकेत अशी नाराजी आधी प्राथमिक निवडणुकीत बाहेर पडते; पक्षाचा उमेदवार कोण, हे तेथे मतदारच ठरवतात. पराभूत इच्छुकाचे काही समर्थक पुढे चक्क विरोधी पक्षाकडे वळतात. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या काही मतदारांनी अंतिम फेरीत ट्रम्प यांना मत दिले. त्यांपैकी अनेकांची मुळात डेमोक्रॅटिक पक्षाशी घट्ट बांधिलकी नव्हतीच. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. त्यामुळे खैरे नकोत, पण सेना हवी, असे म्हणणाऱ्या मतदारासाठी लोकसभेखेरीज दुसरे व्यासपीठ नव्हते. त्या एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूकच जणू सेनेची प्राथमिक फेरी ठरली; फक्त तिची किंमत एक खासदारकी होती.

ऑक्टोबरमध्ये मतपत्रिकेवर खैरे नव्हते. जाधव स्वतः उभे होते ते कन्नडमध्ये, आणि तेथेही सेनेचे उदयसिंह राजपूत जिंकले. दुसरीकडे जलील यांच्या विजयामागे उभी असलेली वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांची युती सप्टेंबरमध्येच तुटली होती. प्रश्नपत्रिकाच बदलली, तर उत्तर बदलले म्हणून परीक्षार्थ्याला चंचल म्हणणे अन्यायाचे आहे. मतदान गुप्त असते, तेव्हा कोणाचे मत नेमके कोठे गेले हे आकडे सांगत नाहीत. पण एवढा मोठा पालट केवळ विचारांतराने झाला, असे मानायला मन धजत नाही.

ही फूट कोणा एकाच बाजूची मक्तेदारी नाही. २०१९ मध्ये पूर्व मतदारसंघात एमआयएमचे उमेदवार असलेले गफ्फार कादरी २०२४ मध्ये तेथेच समाजवादी पक्षातर्फे उतरले, आणि जलील भाजपचे अतुल सावे यांच्याकडून २,१६१ मतांनी हरले.

काळाचे अंतरही नसले, तर काय होते? नांदेड पाहावे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी तेथे विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. सहाही विधानसभा जागा महायुतीला मिळाल्या. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी राखली. वडील वसंतराव चव्हाण यांच्या निधनाने ती रिकामी झाली होती. मतदान केंद्र तेच, मतदार तेच. यंत्रे तेवढी दोन होती.