आमच्या चुका मोजणारे अ‍ॅप

मी बारा वर्षे मधुमेही आहे. साखर वाढली की माझे अ‍ॅप लाल आकडा दाखवते. आटोक्यात राहिली तर ती कशाने, हे कधीच विचारत नाही. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी डॉक्टरांपुढे जातात जेमतेम दोन. बाकीचे निभावतो तो रुग्णच! अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम'मध्ये, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत आहार-व्यायामाने नव्या रुग्णांचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. मग माणसाच्या चिकाटीची नोंद का नको? कोणाबरोबर फिरलात, पार्टीत गुलाबजाम कसा नाकारलात, हे विचारा ना! आपल्यातले कित्येकजण अशी सॉफ्टवेअर लिहितात. त्यांनी चुकांच्या यादीआधी एक रकाना घालावा: 'आज काय जमले?'