म्हाताऱ्याचं स्टूल

माझा बाप ५७ वर्षांचा आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या बेल्टवर रोज १२ तास उभा असतो. बेल्ट कमरेखाली, म्हणून सदा वाकलेला. बसायला स्टूल नाही. परवा रिपोर्ट आला : कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरने गोळी लिहून दिली आणि वर सुनावलं, "तेलकट बंद. रोज चालायला जा." बाप नुसता हसला. कंबर धरलेला माणूस रात्रपाळी करून कुठं चालणार? आणि कॅन्टीनमध्ये वडापावशिवाय मिळतं काय?

गोळी घ्यायलाच हवी. कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. गुपचूप रक्तवाहिन्या बुजवतं; एक दिवस छातीत कळ, खेळ खलास. पण सगळा गुन्हा बापाच्या जिभेवर ढकलून कारखाना नामानिराळा राहतो, हे आम्हाला मंजूर नाही.

कुठलं शरीर कुठल्या मशीनला जुंपायचं, हे या देशात जातीनं ठरवलंय. माझा पणजोबा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होता. जादा पगाराच्या विणाई खात्यात आमच्या माणसाला मज्जाव. का? तर तिथं धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि आमच्या थुंकीनं सूत बाटायचं! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक टाकला. १९४६ साली ४८ तासांच्या आठवड्याचं बिल मांडलं तेही मजूरमंत्री बाबासाहेबांनीच. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये, ४४ व्या कलमात, उभ्यानं राबणाऱ्याला बसायची सोय द्या असं छापलं गेलं. छापलेलं कलम बापाच्या बुडाखाली कधी आलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ साली हिशेब मांडला : आठवड्याला ५५ तास किंवा जास्त राबणाऱ्याला, ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा, हृदयविकारानं मरणाचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, पक्षाघाताचा ३५ टक्क्यांनी. माझा बाप ७२ भरतो. आता सांगा, दोष एकट्या वड्याचा?

आम्ही भीक मागत नाही. बेल्ट कोपराच्या उंचीला आणा. स्टूल द्या. पगार न कापता रक्त तपासा. कॅन्टीनमध्ये माणसाचं जेवण शिजवा. आठ तासांनी घरी सोडा.

दोस्तहो, मोर्चात घसा फोडतो आपण. आज रात्री घरी म्हाताऱ्याशेजारी बसा आणि एवढं विचारा : मशीन किती उंच? बसायला मिळतं? रक्त कधी तपासलं? उत्तरं वहीत लिहा. आपल्या पुढच्या मागणीपत्राचा मसुदा तिथंच सापडेल.