सीनाकांठचें नाकें

राजसत्ता निघून गेली म्हणजे तिनें केलेले व्यापारी करारही तिच्याबरोबर जातात काय? प्रश्न वकिली वाटेल. पण बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यास तो १९४७ सालीं प्रत्यक्ष भेडसावला. सीनेच्या अलीकडे निजामाचें राज्य, पलीकडे इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हालींस सहा कलदार हा हिशोब. आणि मध्यें करोडगिरी, म्हणजे जकात.

इंग्रजी पार्लमेंटनें हिंदी स्वातंत्र्याचा कायदा केला तेव्हां संस्थानिकांशीं झालेले तहनामे १५ ऑगस्ट १९४७ पासून संपुष्टांत आणले. मात्र त्याच सातव्या कलमास एक पुस्ती जोडली: जकात, मालाची ने-आण, टपाल व तारायंत्र यांविषयींचे करार, कोणत्याही बाजूनें ते नाकारीपर्यंत किंवा नवे होईपर्यंत, शक्य तितके पूर्ववत् चालावे. आमच्या मतें साऱ्या कायद्यांत इतकें संसारी शहाणपण दुसरीकडे नाहीं. भाऊ वेगळे निघाले तरी त्याच दिवशीं सामाईक विहिरीचा दोर कोणी कापीत नाहीं. खुद्द इंग्लंडनें युरोपीय संघ सोडला तेव्हां नवा व्यापारी करार देशी कायद्यांत उतरविणारें विधेयक ३० डिसेंबर २०२० रोजीं एकाच दिवसांत दोन्ही सभागृहांतून काढलें. तें नीट वाचलें किती सभासदांनीं, कोण जाणे!

हैदराबादशीं २९ नोव्हेंबर १९४७ ला एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला, तोही याच धोरणाचा. पण थोड्याच दिवसांत निजाम सरकारनें वटहुकूम काढून हिंदी नाणें कायदेशीर चलन नव्हे असें ठरविलें व मौल्यवान धातूंच्या निर्यातीस बंदी केली. उलट हिंदुस्थान आपली नाकेबंदी करतो अशी तक्रार हैदराबादनें मांडली. ज्याचे देणेंघेणें नदीच्या दोन्ही तीरांवर, त्यानें वही कोणत्या नाण्यांत लिहावी? पुस्ती असो वा करार, त्यांत रयतेच्या वतीनें बोलणारा कोणीच नव्हता, हें वैगुण्य आम्हांस सर्वांत मोठें वाटतें.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. पुढें राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमानें देशभर व्यापार मोकळा झाला. तरी पूर्वीच्या संस्थानी राज्यांस केंद्राशीं करार करून जास्तींत जास्त दहा वर्षें अशी जकात चालू ठेवण्याची मुभा ३०६ व्या कलमानें दिली. तिजोऱ्या एका दिवसांत रित्या करून भागणार नव्हतें, हें आम्हांस पटतें; पण माल घेऊन नदी ओलांडणाऱ्यास तें कोण पटविणार? तें कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें गेलें, आणि त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला बीड मुंबई राज्यांत आल्यानें सीनेचे दोन्ही कांठ एका राज्यांत आले.