मुलांचा बोधपट

या सदरांत आम्ही बहुधा वडीलधाऱ्यांनीं मुलांस काय शिकवावें याविषयीं लिहितों. या खेपेस क्रम उलटा आहे. मुलांच्या एका उद्योगानें आम्हांस बोलतें केलें, आणि त्यांतून त्यांनाही एक धडा मिळाला. तो वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

आमची नात नववींत आहे. लोकजागृतीसाठीं मुलांनीं स्वतः एक व्हिडिओ तयार करावा, असें शाळेंत ठरलें. तिनें व तिच्या चार मैत्रिणींनीं मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीचा विषय घेतला. घरांतील सर्व मंडळी जमवून तो बोधपट दाखविण्यांत आला. एक वृद्ध गृहस्थ भामट्यास ओटीपी सांगून टाकतात, पैसे जातात, आणि घरचीं माणसें कपाळावर हात मारून घेतात, असें कथानक. पुढें वाद्यांच्या गजरांत सात सूचना एकामागून एक धांवत गेल्या. तीन मिनिटांत मंडळी पोट धरून हंसली. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

कारण तो प्रसंग आमच्यावरच येऊन गेला होता, व घरांत कोणासही त्याची वार्ता नव्हती. गेल्या वर्षीं 'केवायसी अपुरें आहे, खातें आज बंद होईल' असा फोन आला. उभा जन्म 'आधीं विचार, मग कृति' हें मुलांस शिकविण्यांत घालविला. आणि त्या दिवशीं घाईघाईनें सहा आंकडे उच्चारून मोकळे झालों! १८,००० रुपये गेले. चार दिवस आम्ही ब्र काढला नाहीं. पैशांपेक्षां हंसें होईल हीच धास्ती मोठी. पुढें कळलें कीं, १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळविलें असतें, तर रक्कम वाटेंतच अडविली जाण्याचा संभव होता.

हें सर्व आम्हीं त्या सायंकाळीं प्रथमच सांगितलें. नात रडवेली झाली. आम्हीं म्हटलें, "बाळ, तुझा दोष नाहीं. पण फसलेला माणूस हें चित्र पाहून तोंड उघडील, कीं अधिकच मिटून घेईल?"

हितोपदेशांतील चित्रग्रीव कपोताची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या सांगण्यावरून सारीं कबुतरें जाळ्यांत सांपडलीं, त्यास तीं दोष देऊं लागतात. तेव्हां चित्रग्रीव त्यांस आवरतो व आधीं उपाय पाहावयास लावतो. याच जाळ्याच्या गोष्टीवर विजया मुळे यांनीं १९७४ सालीं 'एक अनेक और एकता' हा फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट केला. लांबी अवघी सात मिनिटांची आणि बोध एकच. म्हणूनच त्या काळचीं मुलें आज प्रौढ झालीं तरी तो विसरलीं नाहींत. मम्मटानेंही काव्याचा उपदेश राजाज्ञेसारखा नसावा, तो प्रिय व्यक्तीच्या बोलण्यासारखा गोडीनें वळविणारा असावा, असेंच सुचविलें आहे.

मुलींनीं चित्र नव्यानें केलें. प्रथम ठरविलें कीं, तें कोणासाठीं? आजीआजोबांसाठीं. त्यांनीं काय करावें? एकच गोष्ट: फसल्याचें ध्यानांत येतांच १९३० ला फोन. बाकीच्या सूचना गाळल्या. तीन मिनिटांचें एक मिनिट झालें. वाद्यें काढलीं, पंखा बंद करून व मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ धरून आवाज स्वच्छ घेतला, अक्षरें मोठीं केलीं. आतां त्यांतील आजोबा गोंधळतात, परंतु वेडे दिसत नाहींत. नात शेजारीं बसते आणि क्रमांक लावून देते.

मग शेजारच्या आजींस तें दाखवून, कांहीं न समजावतां विचारलें, "तुम्ही काय कराल?" त्या म्हणाल्या, "मी फोन उचलणारच नाहीं!" क्रमांक शेवटीं क्षणभरच झळकत होता, तो आजींस दिसलाच नव्हता. मुलींनीं तो पात्राच्या तोंडीं दोनदां घातला व पडद्यावर सावकाश वाचतां येईल इतका वेळ ठेविला. दुसऱ्या एका आजोबांनीं तो बरोबर सांगितला. आमच्या मतें अशा चित्राची हीच खरी परीक्षा होय. टाळ्या किती पडल्या, यापेक्षां पाहणाऱ्यास उद्यां काय करतां येईल, हें विचारावें.

आमचे पैसे परत आले नाहींत. परंतु नवें चित्र पाहून झाल्यावर आमच्या धाकट्या बंधूंनीं आम्हांस बाजूस घेतलें व हळूच सांगितलें कीं, त्याच सकाळीं त्यांनीं कोणास तरी कार्डाचे आंकडे दिले होते. नातीनें तेथेंच १९३० लावला. तक्रार नोंदली गेली, पुढचें पुढें. मात्र आम्हांस जें सांगावयास वर्ष लागलें, तें त्यांनीं त्याच दिवशीं सांगितलें.

वाचकहो, आपल्या घरीं मुलें असा कांहीं उद्योग करीत असतील, तर त्यांस आपली एखादी चूक निःसंकोच सांगा. चित्र सुधारेल आणि कदाचित् घरांतील कोणी तरी बोलता होईल.